किमयेची चिन्हं: दिसतं तसं नसतं

किमयागारांची, म्हणजे हलक्या धातूंचं सोनं करू पाहणाऱ्या जुन्या रसायनकारांची, चिन्हं संगणकावर कशी उमटवायची, याबद्दल त्याच त्या शंका फिरून फिरून येतात. म्हणून काही उत्तरं एकत्र देतो.

प्र. ही चिन्हं युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला, चिन्हाला ठरलेला सांकेतांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत) आहेत, की चित्रं चिकटवायची?
उ. आहेत. २०१० मधल्या ६.० आवृत्तीपासून, १एफ७०० ते १एफ७७एफ (रोमनमध्ये 1F700 ते 1F77F) या सांकेतांकांच्या विभागात. चित्रं नकोत.

प्र. पाऱ्याचं चिन्ह त्या विभागात सापडत नाही.
उ. बुधाचं घ्या, २६३एफ. तांबं, लोखंड, कथील, शिसं यांनाही अनुक्रमे शुक्र, मंगळ, गुरू, शनी यांचीच चिन्हं चालतात.

प्र. मंगळाचं चिन्ह मोबाइलवर रंगीत इमोजी होतं.
उ. चिन्हानंतर लगेच एफई०ई हा अदृश्य सांकेतांक द्या. बहुतेक ठिकाणी साधं रूप येतं. छपाईआधी मुद्रकाला नमुना दाखवाच.

प्र. विकत घेतलेल्या 'किमया फॉन्ट'मध्ये एफ दाबला की अग्नी, डब्ल्यू दाबला की पाणी येतं. ई-पुस्तक यातच करू का?
उ. करू नका. तुम्हाला अग्नी दिसतो, पण फाइलमध्ये रोमन एफच साठतो. वाचकाकडे तो फॉन्ट नसेल तर त्याला एफ दिसणार, शोधयंत्राला एफ सापडणार आणि दृष्टिहीन वाचकाला त्याचा स्क्रीन रीडर 'एफ' असंच वाचून दाखवणार. युनिकोडपूर्व देवनागरी फॉन्टमधला मजकूर उघडल्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसायची, आठवतं ना? तेच दुखणं पैसे मोजून पुन्हा ओढवून घेऊ नका. न्यूटनची किमयेवरची हस्तलिखितं इंडियाना विद्यापीठाच्या प्रकल्पात डिजिटल होत होती. तिथली गरज हेही ही चिन्हं युनिकोडमध्ये येण्यामागचं एक मोठं कारण. चिन्ह हा मजकूरच आहे, नक्षी नव्हे! भूमितीतला त्रिकोण, २५बी३, अग्नीच्या जागी बसवणं हीसुद्धा तीच चूक; अग्नी म्हणजे १एफ७०२. विक्रेत्याला एवढंच विचारा: फॉन्ट युनिकोडच्या सांकेतांकांवर बेतलेला आहे का? लेखी उत्तर मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. मुळात नोटो सॅन्स सिम्बॉल्स हा फॉन्ट फुकट मिळतो आणि त्यात ही चिन्हं आहेत. तयार मजकूर मात्र सरसकट 'शोधा आणि बदला' करून बदलू नका, खरे इंग्रजी एफसुद्धा पेटतील. जाणत्या अक्षरजुळणीकाराला बसवूनच ते काम करा.

प्र. संकेतस्थळावर मराठी नीट साठतं, पण चिन्हापुढचा मजकूर गायब होतो. मित्र म्हणतो, फॉन्ट बदल.
उ. मित्राचं ऐकू नका. फॉन्ट नसता तर रिकामा चौकोन दिसला असता, मजकूर गेला नसता. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरी अक्षराला ३ बाइट लागतात, १एफ७०० विभागातल्या चिन्हांना ४. मायएसक्यूएल या डेटाबेसचा 'यूटीएफ८' हा जुना प्रकार एका अक्षराचे ३ बाइटपर्यंतच साठवतो. तिथे 'यूटीएफ८एमबी४' हवा. तुमचं दुखणं बहुधा हेच. डेटाबेस सांभाळणाऱ्याला आजच गाठा आणि बॅकअप घेतल्याशिवाय त्यालाही हात लावू देऊ नका. कापला गेलेला मजकूर नंतर आपोआप परत येत नाही.

प्र. हस्तलिखितातलं एक चिन्ह यादीत नाही. जवळचं वापरू?
उ. नाही. एकाच पदार्थाला अनेक चिन्हं असत. कंसात वर्णन लिहा, मूळ पानाचं छायाचित्र जोडा आणि हस्तलिखितांच्या अभ्यासकाला दाखवा. त्यात कृती असेल तर करून पाहू नका. पारा आणि आर्सेनिक अशा कृतींत नेहमीचेच, आधी रसायनतज्ज्ञाला विचारा.