एमआरआयमध्ये कियारी निघालं, पण एनसीव्ही नॉर्मल आहे. मग आईच्या हाताला मुंग्या कशामुळे?

तुम्ही लिहिलंय की खोकला आला की आईंच्या डोक्याच्या मागे जोरात कळ येते, उजव्या हाताला मुंग्या येतात, मेंदूच्या एमआरआयमध्ये 'टॉन्सिल 7 मिमी खाली' (म्हणजे कियारी, लहान मेंदूचा खालचा भाग मानेत उतरणं) आलंय आणि एनसीव्ही (नसांची तपासणी) नॉर्मल निघाल्यामुळे घरचे निर्धास्त झालेत. मी डॉक्टर नाही, एनसीव्ही करणाऱ्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. त्या 'नॉर्मल'वर एवढं विसंबू नका.

एनसीव्हीत आम्ही हातापायाच्या नसांना बारीक शॉक देऊन संदेश किती वेगाने जातो ते मोजतो. मनगटात दबलेली नस त्यात बहुतेक वेळा सापडते. कियारीचा घोळ त्याच्या बराच वर असतो. लहान मेंदूची खालची टोकं (त्यांनाच टॉन्सिल म्हणतात, घशातले वेगळे) कवटीच्या तळाच्या छिद्रातून मानेत उतरतात, मेंदूभोवतीच्या पाण्याची ये-जा अडते आणि काहींच्या मज्जारज्जूच्या आत पाण्याची पोकळी तयार होते. ती सिरिंक्स. हातातली नस शाबूतच असते, म्हणून बधिर हाताचाही सेन्सरी (संवेदनेच्या नसांचा) रिपोर्ट छान येतो.

आमच्याकडे एक बाई 'स्पॉन्डिलायटिस' म्हणून आल्या होत्या. बोटांच्या पेरांवर चटक्यांचे डाग, एक फोड तर ताजा. भाकरी हाताने उलटायची सवय, आणि भाजलं हे फोड दिसल्यावरच कळायचं. डोळे मिटून कापूस फिरवला तर मात्र कुठे लागला ते अचूक सांगत होत्या. दुखणं आणि गरम-गार यांचे धागे मज्जारज्जूच्या मधोमध ओलांडतात, पोकळी आधी त्यांनाच गाठते. स्पर्शाचा बराचसा रस्ता मज्जारज्जूच्या मागच्या बाजूने जातो. न दुखणारे चटके कुष्ठरोगातही दिसतात, पण तिथे बहुधा कातडीवर चट्टा किंवा कोपराशी जाड झालेली नस असते आणि एनसीव्हीही बिघडते.

7 मिमीच्या आकड्याने घाबरू नका. साधारण 5 मिमीच्या पुढे कियारी म्हणतात, पण कित्येकांना तेवढं असून काहीच त्रास नसतो. आईंची कळ खोकल्या-शिंकल्यावर येऊन काही सेकंदांत किंवा मिनिटांत ओसरते का, हे बघा. ती कियारीशी जुळते. तासन्‌तास ठणकणारं, मळमळ होणारं डोकं मायग्रेनचंही असू शकतं. उभं राहिल्यावर वाढून आडवं झालं की थांबत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. पाठीच्या कण्यातून पाणी गळून दाब कमी झाला तरी टॉन्सिल खाली ओढले जातात, आणि त्याचा इलाज पूर्ण वेगळा.

न्यूरोसर्जनना विचारा: सिरिंक्स शोधायला पूर्ण कण्याचा एमआरआय करायचा का? पाण्याचा प्रवाह दाखवणारा सिने एमआरआय लागेल का? मान पुढे-मागे वाकवून एक्सरेही काढतात, मानेचे पहिले दोन मणके एकमेकांवर जास्त हलतात का ते बघायला. मुंबईचे न्यूरोसर्जन अतुल गोयल तर मूळ दोष याच दोन मणक्यांच्या सांध्यात मानून तो स्क्रूने पक्का करायचा आग्रह धरतात. सगळ्यांना ते पटत नाही. कवटीच्या तळाच्या छिद्रामागचं हाड काढून जागा करणं हीच जास्त रुळलेली शस्त्रक्रिया.

गिळताना वारंवार ठसका, आवाजात बदल, झोपेत श्वास अडकणं, चालताना तोल जाणं किंवा हाताचे स्नायू बारीक होणं यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. आणि निदान स्पष्ट होईपर्यंत मालीशवालीकडून किंवा हाडवैद्याकडून मान मोडून घेणं पूर्ण बंद.