शनिवारची फेरी आणि वडिलांचा फोन

आपला मुलगा स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असून महाविद्यालयातील गटाबरोबर दर शनिवारी यवतमाळ जिल्ह्यातील एका फ्लोराइडग्रस्त गावी पाण्याच्या कामासाठी जातो, आणि त्यापायी त्याचा सीजीपीए ८.४ वरून ७.६ वर आला, असे आपण नागपूरहून लिहिता. ‘हे समाजकार्य सोडवून त्याला स्पर्धा परीक्षेकडे कसे वळवू?’ हा आपला प्रश्न. मात्र पत्राच्या शेवटी आपण जाता जाता असेही लिहिले आहे, की मुलाला न सांगता आपण त्याच्या प्राध्यापकांना फोन केला आणि त्याचे नाव गटातून कमी करण्याची विनंती केली. गुणांपेक्षा मला हा फोन अधिक अस्वस्थ करतो. एकवीस वर्षांच्या मुलाला ही गोष्ट बाहेरून कळली, तर पुढच्या सत्राचे गुण तो आपल्याला सांगेल, अशी अपेक्षा ठेवू नका. ती आजच आपण स्वतः त्याच्या कानावर घाला.

दुसरे म्हणजे ‘समाजकार्य’ हा शब्द. फ्लोराइड जमिनीखालच्या खडकांतून पाण्यात उतरते. असे पाणी नितळ दिसते. ते उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते, आणि ब्लीचिंग पावडरचाही त्यावर इलाज चालत नाही. भारतीय मानकानुसार लिटरमागे १.५ मिलिग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा आहे. तिच्या बऱ्याच वरचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर दातांवर डाग पडण्यावर भागत नाही, हाडे आणि सांधेही आखडतात. तुरटी आणि चुना वापरून पाण्यातील फ्लोराइड काढण्याची नलगोंडा पद्धत आपल्याच शहरातील नीरी या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केली. दुरून नळाने पाणी आणायचे ठरले, तर जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या निकषाने आठशे वस्तीला रोज ४४,००० लिटर लागतील, आणि टाकीची उंची, नळाचा व्यास, पंपाची ताकद हे सारे तिथून पुढे ठरेल. हे स्थापत्यच आहे, आणि वर्गातील उदाहरणांपेक्षा अवघड आहे.

लोकसेवा आयोगाची अभियांत्रिकी सेवा आणि जिल्हा परिषदेची कनिष्ठ अभियंता भरती हे रस्ते त्याला खुलेच आहेत. गेट ही अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्रात एम.टेक.ही करता येईल. ७.६ मुळे यांतले एकही दार बंद होत नाही.

मुलाचे सारेच बरोबर आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. त्याच्या गटाने गावात सक्रिय ॲल्युमिनाचे, म्हणजे फ्लोराइड धरून ठेवणाऱ्या दाणेदार पदार्थाचे, गाळणयंत्र बसवल्याचे आपण कौतुकाविना का होईना, लिहिले आहे. तो ॲल्युमिना काही काळाने निकामी होतो. तो केव्हा धुऊन पुन्हा वापरायचा, धुवणाचे दूषित पाणी कोठे सोडायचे, ग्रामपंचायत खर्च कशातून करणार, आणि ही मुले पदवी घेऊन पांगल्यावर पाणी कोण तपासणार? याची उत्तरे गटाकडे लेखी नसतील, तर यंत्राशेजारी काढलेल्या छायाचित्रापलीकडे फारसे काही झालेले नाही. ती शोधणे हाच त्याने शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून मागून घ्यावा, म्हणजे शनिवारच्या फेरीचे गुणही मिळतील. त्यासाठी आधी त्याचे नाव गटात परत यायला हवे, आणि तो फोनही आपणच करायचा आहे.