कन्सोल बुडाला तर मुलाच्या नोकरीचं काय?

प्रश्न: मुलगा पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याला गेम प्रोग्रामर व्हायचंय. एका छोट्या स्टुडिओने त्याला शेवटच्या सेमिस्टरसाठी इंटर्नशिप देऊ केली आहे, काम पोर्टिंगचं, म्हणजे एका मशीनसाठी बनलेला गेम दुसऱ्यावर चालता करायचं. त्यामुळे कॅम्पस प्लेसमेंटला बसणारच नाही म्हणतो. निन्टेंडोचा ‘वी यू’ हा कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं मशीन, चालला नाही आणि मोठ्या कंपन्यांनी त्याच्यासाठी गेम काढणं थांबवलं, हे त्यानेच मला सांगितलं होतं. अशा धंद्यात नोकरी टिकणार कशी? – एक आई, सांगली

उत्तर: ताई, नमस्कार. तुमची काळजी रास्त आहे. तुम्ही दिलेलं उदाहरणच आधी नीट पाहू या.

‘वी यू’ नोव्हेंबर २०१२ मध्ये आला. आधीचा ‘वी’ दहा कोटींच्या वर खपलेला, त्यामुळे आशा मोठ्या होत्या. पण हे नवं मशीन आहे, हेच पुष्कळ गिऱ्हाइकांना कळलं नाही. जुन्या ‘वी’ला जोडायचा स्क्रीनवाला कंट्रोलर असेल, असं त्यांना वाटलं. मार्च २०१४ला संपणाऱ्या वर्षात ९० लाख नग विकायचा निन्टेंडोचा अंदाज होता. विकले गेले २७ लाखांच्या आसपास.

असे आकडे दिसले की पब्लिशर, म्हणजे गेमवर पैसा लावून तो बाजारात आणणारी कंपनी, हिशेबाला बसतो. मशीन किती घरांत आहे, त्यातले किती जण आपला गेम घेतील आणि गेम तिथे चालवायला खर्च किती? ‘वी यू’चा प्रोसेसर आयबीएमच्या पॉवरपीसी घराण्यातला, तर २०१३ अखेर आलेले प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन पीसीच्या धाटणीचे. त्या दोघांसाठी केलेलं काम एकमेकांना उपयोगी पडायचं, ‘वी यू’साठी मात्र वेगळी माणसं बसवावी लागायची. त्यात निन्टेंडोचं गिऱ्हाईक पैसे खर्च करणार ते आधी निन्टेंडोच्याच मारिओच्या गेमवर. युबिसॉफ्ट या मोठ्या पब्लिशरच्या प्रमुखांनी वी यूवरचा आपला ‘झॉम्बीयू’ हा गेम फायद्यात गेला नाही असं उघड सांगितलं. २०१३ मध्ये ईए या दुसऱ्या मोठ्या पब्लिशरनेही ‘वी यू’साठी आपल्याकडे एकही गेम बनत नसल्याचं सांगून टाकलं. गेम नाहीत म्हणून मशीन खपेना, मशीन खपेना म्हणून गेम येईनात.

या हिशेबात नव्या-जुन्याला किंमत नसते. २०१९ मध्ये आलेला ‘जस्ट डान्स २०२०’ वी यूवर आला नाही, पण २००६ सालच्या ‘वी’वर आला!

आता तिथे काम करणाऱ्या माणसांचं काय झालं ते पाहा. युबिसॉफ्टचा ‘रेमन लेजेंड्स’ हा गेम आधी फक्त वी यूसाठी होता, फेब्रुवारी २०१३ मध्ये यायचा होता. ऐन वेळी युबिसॉफ्टने तो सप्टेंबरवर ढकलला आणि इतर कन्सोलवरही काढायचं ठरवलं. रात्रंदिवस खपलेल्या टीमला ते फार लागलं. पण तो गेम एका मशीनला बांधलेला राहिला नाही. पुढे प्लेस्टेशन ४ आणि निन्टेंडोच्या नंतरच्या ‘स्विच’ या कन्सोलवरही गेला. निन्टेंडोचा स्वतःचा ‘मारिओ कार्ट ८’ वी यूवर ८४ लाख खपला, तोच थोडी भर घालून स्विचवर आणला तर सहा कोटींच्या पुढे गेला. कन्सोल बुडतो तेव्हा त्यावरचं चांगलं काम दुसरीकडे नेणारी माणसं लागतात, आणि तुमच्या मुलाला नेमकं तेच काम मिळतंय. म्हणून इंटर्नशिप त्याने जरूर करावी.

प्लेसमेंट सोडणं मात्र मला अजिबात मान्य नाही. पब्लिशरचं मन बदललं तर छोटा स्टुडिओ महिनाभरात अडचणीत येतो. मोठ्यांनाही ते चुकत नाही: ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ या जुन्या गेमच्या रिमेकचं काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं, २०२२ मध्ये ते कॅनडातल्या माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं. तेव्हा त्याने प्लेसमेंटला बसावं, हातात एक ऑफर ठेवावी आणि मग इंटर्नशिपला जावं. त्यासाठी कॉलेजची परवानगी आत्ताच काढून ठेवा.

कन्सोलची डेव्हकिट, म्हणजे त्यासाठी गेम बनवायचं खास मशीन, नोंदणी झालेल्या डेव्हलपरनाच मिळते, त्यामुळे घरी सराव पीसीवरच होणार. सी प्लस प्लस पक्कं करू दे. स्वतःचा एक छोटा गेम जुन्या, कमी रॅमच्या लॅपटॉपवर सेकंदाला ६० फ्रेमने चालवून दाखवू दे. म्हणजे एका फ्रेमला, पडद्यावरच्या एका चित्राला, जेमतेम १६.६ मिलिसेकंद मिळतात. कुठे वेळ जातोय ते मोजणं आणि तिथेच कात्री लावणं, पोर्टिंगमध्ये रोज हेच करावं लागतं.

होकार देण्याआधी त्याने स्टुडिओला सरळ विचारावं: पैसे पब्लिशर टप्प्याटप्प्याने देतो का, सध्या हातात किती पब्लिशरची कामं आहेत, आणि त्यातलं एक गेलं तर इंटर्नचं काय? एकाच पब्लिशरवर सगळं चालत असेल, तर स्टायपेंड आणि मुदत लेखी घेतल्याशिवाय त्याने रुजू होऊ नये.