मेव्हण्याला सूट, मग आम्हाला का नाही?

प्रश्न : काका, सांगलीत विश्रामबागला आमचं स्वतःचं घर हाय, आम्हीच राहतो. मेव्हणा पुण्यात कोथरूडला, त्याला म्हणे स्वतः राहतो म्हणून घरपट्टीत 40 टक्के सूट. दिवाळीला आला की हेच ऐकवतो. आपल्याकडं ही सूट मागायची कुणाकडं?

उत्तर : मेव्हणा खोटं नाही बोलत, पण अर्धंच सांगतोय. ती 40 टक्के म्हणजे पुण्याचा 1970 पासूनचा ठराव, सगळ्या राज्याचा कायदा नव्हे. मधे ती बंद झाली, 2023 ला परत आली, आणि नव्या मिळकतवाल्यांना पीटी-3 फॉर्म भरून, स्वतः राहतो याचा पुरावा जोडून मिळवावी लागली. शिवाय ती सूट थेट बिलावर नसते, घराचं जे वर्षाचं भाडं धरतात त्यावर असते. महिना 3,000 धरलं तर वर्षाचे 36,000, त्यातले 14,400 वजा, राहिले 21,600, आणि पुढचा हिशोब त्यावर. मेव्हण्याला हे विचारा एकदा, गप्प बसेल.

आता सांगलीचं. पुण्याचा ठराव इथं लागू नाही. आपल्याकडं पण कर धरलेल्या भाड्यावरच निघतो, त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा होतात, पण ते सगळ्यांनाच. तुमच्या हातात आहे ते एकच, महापालिकेत जाऊन आपल्या घराचा असेसमेंट उतारा, म्हणजे कर आकारणीच्या नोंदीची नक्कल, काढा आणि त्यातला 'भोगवटादार', म्हणजे घरात राहतं कोण, हा रकाना बघा. तिथं 'स्वतः' पाहिजे. भाडेकरू लागला असेल तर आकारणी चढते, कारण मग प्रत्यक्ष भाडं धरलं जातं.

मी हे अनुभवानं सांगतोय हं. आमच्या जुन्या घराची पुढची खोली एका कंपाउंडरला दिली होती, तो गेला, मी तिथं सायकल आणि पेपरची रद्दी ठेवायला लागलो, पण उताऱ्यावर चार वर्षं त्याचंच नाव, बिल येतंय, मी भरतोय, रकाना कोण बघतो! शेजाऱ्याचं बिल सहज हातात आलं तेव्हा डोळे उघडले, तेवढ्याच खोल्या आणि माझ्यापेक्षा कितीतरी कमी. चूक माझीच, खोली रिकामी झाल्याचा अर्जच दिला नव्हता. अर्ज दिल्यावर पुढचं बिल उतरलं, मागचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

तुमच्यात असं काही निघालं तर लेखी अर्ज द्या, लाईट बिल, रेशनकार्ड जोडा आणि पोच घ्या, शिक्क्यासकट. फेरआकारणीची नोटीस आली तर त्यातल्या मुदतीतच हरकत टाका. आणि भांडण चालू आहे म्हणून बिल थांबवू नका, थकलं की महिन्याला 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते, 'हरकत राखून भरले' असं लिहून भरून टाका. कोर्टात अपील करायचं झालं तरी आधी रक्कम भरावीच लागते.

प्रश्न : साताऱ्यात राहते, मिस्टर फौजेत होते, आता ते हयात नाहीत. घर आमच्या दोघांच्या नावावर. मला काही सवलत?

उत्तर : ताई, आहे की, आणि चांगली आहे. 2020 पासून बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेत माजी सैनिक आणि त्यांच्या पत्नी किंवा विधवांना राहत्या एका घराचा मालमत्ता कर माफ आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून दाखला घ्या आणि तो नगरपालिकेच्या कर विभागात अर्जाला लावा. पाणीपट्टी वेगळी, ती भरायचीच. दुसरं घर असेल तर त्याला ही माफी नाही.