स्टुडिओची तारीख घेण्याआधी

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

तुझं रेकॉर्डिंग ऐकलं. गिटारवरचा हात स्वच्छ आहे. पण प्रत्येक कडवं वेगवेगळ्या वेळी वाजवून नंतर जोडलंय, ते कानाला कळतं. आणि आता तू स्टुडिओची तारीख घ्यायला निघालास. त्याआधी रेव्हरंड गॅरी डेव्हिस या अमेरिकन गायक-गिटारवादकाचा 'हार्लेम स्ट्रीट सिंगर' हा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐक. मोबाइलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लाव.

24 ऑगस्ट 1960 रोजी न्यू जर्सीत, ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत, ही बारा गाणी एकाच बैठकीत मुद्रित झाली. डेव्हिस तेव्हा 64 वर्षांचे होते. लहानपणापासून अंध, बॅप्टिस्ट धर्मोपदेशक, आणि 1940 च्या दशकात न्यू यॉर्कला आल्यापासून तिथल्या हार्लेम वस्तीच्या फुटपाथवर गाणारे. बारा गाणी एका दमात म्हटल्यावर आपण तोंडात बोट घालतो. पण ती तयारी स्टुडिओसाठी केलेली नव्हतीच. रस्त्यावर मध्येच भोंगा वाजतो, ऐकणारा अर्ध्यावर उठून चालू लागतो, आणि 'पुन्हा पहिल्यापासून घेऊ' म्हणायची सोय नसते. ती गाणी वर्षानुवर्षं तिथे घासली गेली होती. या बैठकीचा मायक्रोफोन त्यानंतर आला, एवढंच.

आता त्यांचे हात बघ. उजव्या हाताचा फक्त अंगठा आणि तर्जनी, बाकीची बोटं वापरत नाहीत. अंगठा जाड तारांवर ठेका धरतो, पण यंत्रासारखा नाही. मध्येच ठेका सोडून खर्जातच एक छोटी तान घेतो आणि बरोबर जागेवर परत येतो. डावा अंगठा गिटारच्या मानेवरून वळून जाड तार दाबतो. आणि गाता गाता ते ओळीचा शेवट कित्येकदा तोंडाने म्हणतच नाहीत, तो गिटारवर सोडून देतात. तू मात्र गाताना गिटारला नुसतं साथीला बसवलंयस. ती उत्तर देत नाही. माझी खरी तक्रार हीच आहे, सूर-तालाची नाही.

म्हातारपणी माणूस आपोआप पिकतो, असा अर्थ मात्र काढू नकोस. डेव्हिस यांचं 1935 चं न्यू यॉर्कमधलं मुद्रणही ऐक. त्यात दोनच ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची लौकिक सुखदुःखाची गाणी) आहेत, बाकी सगळी भक्तिगीतं. हात तिथे जास्त चपळ आहे, काही ठिकाणी तर अंगावर येतो. पुढच्या पंचवीस वर्षांत त्यांचं मुद्रण तुरळकच झालं. 1960 मध्ये चपळाई थोडी कमी झाली असेल, पण दोन ओळींमध्ये श्वास घ्यायला जागा आहे. मला विचारशील तर मी 1960 च्या बाजूने. 1961 चा 'से नो टू द डेव्हिल' हा अल्बमही घे. 1969 मध्ये अपोस्टॉलिक स्टुडिओत केलेलं काम त्यांच्या निधनानंतर बाहेर आलं. ते सवडीने ऐकलंस तरी चालेल, मला ते जरा पसरट वाटतं.

पैशाचंही विचारलं होतंस. 'सॅमसन अँड डिलायला' हे त्यांचं हुकमी गाणं पीटर, पॉल अँड मेरी या त्रिकुटाने 1962 मध्ये गायलं, आणि त्या रॉयल्टीतून डेव्हिस यांनी न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात घर घेतलं. म्हणजे पैसा आला तो दुसऱ्यांच्या रेकॉर्डमधून! त्यामुळे तुझ्या गाण्यांची नोंदणी, हक्कांचे कागद आधी नीट करून ठेव; ते काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच राहून जातं.

सध्या तीनच गाणी निवड. ती ओळखीच्या चार माणसांसमोर, न थांबता, एका दमात गा. चुकलं तरी पुढे जा. एखाद्या ओळीचा शेवट गिटारवर सोडून बघ, लोक मनातल्या मनात तो पुरा करतात का ते पाहा. स्टुडिओची आगाऊ रक्कम भरली असशील तर ती परत मागत बसू नकोस, दिवाळीनंतरच्या तारखेत वळती करून घे. आणि त्या वेळी तारा आदल्या दिवशी बदल, त्याच सकाळी नको, नव्या तारा सूर सोडतात.

तुझा,
सर