३५ हजारात ५५ इंची घ्यावा की ४३? भाऊ, आधी हॉलमधला उजेड बघा

राम राम भाऊ. तुम्ही लिहिलंय की चाळीसगावजवळ गावात घर आहे, हॉल साधारण १० बाय १४, बजेट ३० ते ३५ हजार, आईवडील डीटीएचवर बातम्या आणि मालिका बघतात, तुम्ही क्रिकेट आणि यूट्यूब, आणि दुकानदार एका अनोळखी नावाचा ५५ इंची क्यूएलईडी त्याच पैशात देऊन राहिला तर तो घ्यावा की नावाजलेल्या कंपनीचा ४३ इंची फोरके. मी अमळनेरचा, नात्यागोत्यात कोणाला टीव्ही घ्यायचा असला की मला सोबत नेतात, त्यामुळे आपल्याकडच्या घरांत काय टिकतं काय नाही ते जवळून बघत आलोय. माझं मत स्पष्ट आहे, ४३ घ्या आणि तो पॅनल बघून घ्या. टीव्हीतलं बाकी बरंच काही नंतर सुधारता येतं, आवाज कमी वाटला तर साउंडबार लागतो, स्मार्टपणा हळू झाला तर ॲप चालवणारी चार-पाच हजाराची स्टिक मागे खोचता येते, पण पॅनल म्हणजे समोरचा पडदा, तो घरी आला की तोच. वॉरंटीनंतर तो गेला तर नवीन पॅनलचा खर्च एवढा सांगतात की लोक नवा टीव्हीच घेऊन येतात.

आता उजेडाचं. आपल्याकडच्या घरांत दिवसभर पुढचं दार उघडं असतं, ओसरीतून ऊन आत येतं, आणि टीव्ही बहुतेक वेळा त्या दाराच्या समोरच्या भिंतीवर असतो. अशा जागी दुपारी टीव्हीत चित्र कमी आणि दार जास्त दिसतं. म्हणून दुकानात जायच्या आधी घरी दुपारी दोनच्या सुमारास हॉलमध्ये उभं राहून बघा की कोणत्या भिंतीवर दाराची-खिडकीची चमक पडत नाही, तिथे टीव्हीची जागा ठरवा, तिथे प्लग पॉइंट नसेल तर आधी तो काढून घ्या. हे फुकटचं काम आहे आणि ह्याने जेवढा फरक पडतो तेवढा पाच हजार जास्त मोजूनही पडत नाही.

दुसरं म्हणजे कोण कुठे बसतं. तुमच्या घरात आई बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसत असेल, वडील खाटेवर, पोरं खाली चटईवर आणि मॅच असली की शेजारचे दोघं-तिघं दाराजवळ, म्हणजे समोरून बघणारे कमी आणि कडेने बघणारे जास्त. इथे पॅनलचा प्रकार कामाला येतो. ढोबळमानाने दोन प्रकार आहेत, व्हीए आणि आयपीएस. व्हीए पॅनलमध्ये काळा रंग चांगला काळा दिसतो, त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला फरक, साधारण ३००० ते ५००० ला १ असा असतो, पण कडेला बसलं की माणसांचे चेहरे फिके पडतात. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट १००० ला १ च्या आसपास, अंधारात काळा रंग राखाडी दिसतो, पण कडेने बघितलं तरी रंग बऱ्यापैकी तसेच राहतात. शहरातले रिव्ह्यूवाले बरेचदा दिवे बंद करून टेस्ट करतात म्हणून ते व्हीएचं कौतुक करतात, आणि बेडरूमसाठी ते बरोबरच आहे, पण उघड्या दाराच्या उजेडी हॉलमध्ये तो खोल काळा तसाही कोणाला दिसत नाही, तिथे कडेने नीट दिसणं आणि ब्राइटनेस ह्या दोन गोष्टी मोठ्या. गंमत अशी की कोणतं पॅनल आहे ते कंपन्या बॉक्सवर सहसा लिहित नाहीत, एकाच सिरीजमध्ये ४३ ला एक आणि ५० ला दुसरं असंही असतं, त्यामुळे विचारत बसू नका, बघा. दुकानात टीव्हीवर माणसाचा चेहरा असलेलं चित्र लावायला सांगा, समोर उभे राहा, मग हळूहळू एका बाजूला सरकत जा. चेहरा पांढरट पडला तर ते तुमच्या हॉलसाठी नाही.

आणि एक, दुकानातला तो चकाचक डेमो व्हिडिओ बघून ठरवू नका. समुद्र, फुलं, रंगीत पोपट, ते कोणत्याही टीव्हीवर भारी दिसतं, त्यात टीव्ही व्हिविड मोडवर, म्हणजे रंग भडक करणाऱ्या सेटिंगवर, ठेवलेला असतो. डीटीएचचं चालू चॅनल लावायला सांगा, साधं, एचडी नसलेलं. दुकानदार कटकट करेल, करू द्या, पैसे तुमचे आहेत.

हे साधं चॅनल लावायला का सांगतोय ते नीट समजून घ्या कारण ५५ की ४३ चं उत्तर ह्यातच आहे. साध्या एसडी चॅनलचं चित्र जास्तीत जास्त ७२० बाय ५७६ टिपक्यांचं असतं, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार टिपके. फोरके टीव्हीचा पडदा ३८४० बाय २१६० चा, म्हणजे जवळपास ८३ लाख. गणित करून बघा, बरोबर वीसपट. म्हणजे चॅनलकडून आलेल्या एका टिपक्याचे वीस टिपके टीव्हीने स्वतःच्या हुशारीने बनवायचे, आणि ही हुशारी म्हणजे आतला प्रोसेसर, ज्यात स्वस्त टीव्हीवाले सगळ्यात आधी काटकसर करतात कारण ती बॉक्सवर दिसत नाही. आईवडील दिवसातून पाच-सहा तास एसडी बघणार असतील आणि तुम्ही ते ५५ इंचावर ताणलं तर बातम्यांखालची पट्टी धुरकट आणि माणसं मेणाची दिसतात. फ्री डिश असेल तर अजूनच. ४३ वर तेच चित्र आवळून येतं. तुम्ही सात-आठ फुटांवरून बघणार असाल तर ४३ पुरतो, ओळखीच्या कंपनीचा ५० इंची ऑफरमध्ये ३५ च्या आत आला तर तो जरूर घ्या, पण त्यासोबत डीटीएचचा बॉक्स आणि पॅक एचडी करून घ्या, नाहीतर मोठ्या पडद्याचा उपयोग नाही. जागा मोजताना लक्षात ठेवा की इंच तिरके मोजतात, ४३ ची रुंदी साधारण ९५ सेंटीमीटर पडते आणि ५५ ची १२२.

क्यूएलईडी शब्दाने हुरळून जाऊ नका. तो ओएलईडी नाही, ज्यात प्रत्येक टिपका स्वतः उजळतो, तो साधा एलसीडीच आहे ज्याच्या मागे एलईडीचा उजेड आणि मध्ये क्वांटम डॉटचा थर, त्याने रंग जास्त भरून येतात हे खरं, पण मागचा उजेडच कमी असला तर रंग येऊन येऊन किती येणार. एचडीआरचंही, म्हणजे उजळ आणि गडद भाग दोन्ही जास्त खुलून दाखवायच्या तंत्राचंही, तसंच, बॉक्सवर एचडीआर टेन, डॉल्बी व्हिजन सगळं लिहिलेलं असतं आणि टीव्हीचा ब्राइटनेस २५०-३०० निट्स (निट म्हणजे उजेड मोजायचं माप) असतो, त्यात एचडीआर म्हणावं असं काही दिसत नाही. निट्सचा आकडा विचारा, ३५० च्या वर असेल तर चांगलं, आकडाच सांगत नसतील तर दुकानातली लाईट चालू असताना शेजारच्या टीव्हीशी तुलना करून बघा. हर्ट्झसाठी, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्या आकड्यासाठी, जास्त पैसे देऊ नका. डीटीएचवरचं क्रिकेट ५० हर्ट्झचंच येतं, त्याला ६० हर्ट्झचं पॅनल पुरतं, आणि बॉक्सवरचा मोशन रेट १२० वगैरे आकडा पॅनलचा असतोच असं नाही. पोरांना गेमिंग कन्सोल घ्यायचा असेल तर वेगळी गोष्ट.

आता आपल्या भागातली खरी डोकेदुखी, वीज आणि उन्हाळा. ह्याबद्दल कोणी रिव्ह्यूमध्ये बोलत नाही आणि आपल्याकडे टीव्ही ह्यानेच जातात.

टीव्हीच्या मागच्या स्टिकरवर इनपुट व्होल्टेज लिहिलेलं असतं, बहुतेकांवर १०० ते २४० असतं. तसं असेल तर रात्री शेतातल्या मोटारी चालू झाल्यावर व्होल्टेज पडलं तरी टीव्हीला काही होत नाही, त्यासाठी स्टॅबिलायझरची गरज नाही. धोका कमी व्होल्टेजचा नाही, जास्तीचा आहे. डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, न्यूट्रलची तार तुटली की घरात २३० च्या जागी ३५०-४०० पर्यंत येऊ शकतं, आणि त्यात गल्लीतले टीव्ही, फ्रीज, पंखे सगळे एकदम जातात. साधी स्पाईक गार्डची पट्टी इथे वाचवत नाही, ती क्षणभराच्या झटक्यासाठी असते. हाय व्होल्टेज कटऑफ असलेलं यंत्र लावा, कटऑफवाला स्टॅबिलायझर असो की मेन बोर्डात बसवायचं प्रोटेक्टर, वायरमनला सांगितलं की तो बसवून देतो. त्याच्यासोबत अर्थिंग तपासून घ्या, गावातल्या किती घरांत तिसऱ्या पिनला काही जोडलेलंच नसतं. आणि मे-जूनमध्ये वादळ-विजा सुरू झाल्या की प्लग तर काढाच पण डिशची केबल पण बॉक्समधून काढा, ती छतावरून थेट टीव्हीपर्यंत येते हे लोक विसरतात.

उन्हाळ्याचं असं की बहुतेक कंपन्या माहितीपुस्तिकेत ४० डिग्रीपर्यंतच्या हवेत टीव्ही चालवा असं लिहितात, आणि आपल्या जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४-४५ ला सहज जातो, पत्र्याचं घर असेल तर आत काय होतं ते तुम्हाला माहितीच आहे. उष्णतेने पहिल्यांदा मागच्या एलईडीच्या पट्ट्या जातात, आवाज येतो पण चित्र नाही, हा तोच आजार. उपाय सोपे आहेत. टीव्ही भिंतीला चिकटवू नका, मागे १० सेंटीमीटर तरी हवा खेळू द्या. उन्हाची झळ बसणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर लावू नका. बॅकलाइट कायम १०० वर ठेवू नका, दुपारी वाढवा आणि रात्री ६०-७० वर आणा, पट्ट्यांचं आयुष्य त्याने वाढतं आणि डोळ्यांनाही बरं. कूलरचा झोत थेट टीव्हीवर येऊ देऊ नका, ती हवा ओली असते. घर जुनं धाब्याचं आणि भिंती मातीच्या असतील तर वॉल माउंटच्या नादी लागू नका, स्टँडवर भक्कम टेबलावर ठेवा, फक्त दोन पायांमधलं अंतर आधी विचारा, बऱ्याच टीव्हींचे पाय अगदी कडेला असतात आणि जुनं टेबल अपुरं पडतं.

कूलरवरून आठवलं, आवाज. पातळ टीव्हीचे स्पीकर खालच्या बाजूला तोंड करून असतात, आणि आपल्याकडे मार्च ते जून हॉलमध्ये कूलर घरघरत असतो, त्यात म्हाताऱ्या माणसांना संवाद कळत नाहीत मग आवाज ४० वर आणि बाकी घराचं डोकं उठतं. २० वॅटचा स्पीकर असलेला बघा आणि एचडीएमआय पोर्टजवळ एआरसी लिहिलंय का ते नक्की बघा, म्हणजे पुढे साउंडबार एका वायरीत जोडला जातो. वडिलांना कमी ऐकू येत असेल तर ब्लूटूथ हेडफोन जोडता येतो का तेही तिथेच विचारून घ्या.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात सांगतो. गूगल टीव्ही, सॅमसंगचं टायझन, एलजीचं वेबओएस, तिन्ही चालतात. फक्त गूगल टीव्ही असेल तर रॅम किमान २ जीबी हवी. नुसतं अँड्रॉइड लिहिलेले काही स्वस्त टीव्ही गूगलकडून सर्टिफाइड नसतात, त्यावर नेटफ्लिक्ससारखी ॲप नीट चालत नाहीत, तुमच्या त्या ५५ इंचीत हे आधी तपासा. आणि वायफाय ५ गीगाहर्ट्झ पकडतो का बघा. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर बघणार असाल तर फोरके विसरा, एका तासाला ७ जीबीपर्यंत डेटा जाऊ शकतो, तुमचा रोजचा दोन जीबीचा पॅक जाहिरातींतच संपेल.

राहिली सर्व्हिस. पैसे द्यायच्या आधी दुकानातूनच कंपनीच्या टोल फ्री नंबरला फोन लावा, तुमच्या गावाचा पिनकोड सांगा आणि विचारा की टेक्निशियन घरी येतो का आणि कुठून येतो. जळगाव, धुळे किंवा चाळीसगावातून येतो म्हटले तर ठीक. 'टीव्ही नाशिकला आणून द्या' म्हटले तर तो टीव्ही कितीही स्वस्त असो, सोडून द्या, पडदा मोटरसायकलवर नेता येत नाही. अनोळखी ५५ इंचीवर माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे.

दिवाळी-दसरा आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ऑफर असतात, पण कोणाच्या जुन्या बिलाशी भाव ताडून बघाल तर एक लक्षात घ्या, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचावरच्या टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, म्हणजे मूळ किंमत तीच धरली तर तोच टीव्ही सुमारे ८ टक्क्यांनी स्वस्त पडायला हवा. त्याआधीचा भाव सांगून 'एवढी सूट दिली' म्हणत असतील तर ती सूट सरकारची आहे. बिल पक्कं, त्यावर मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहिलेला.

ऑनलाइन घेतलात तर डिलिव्हरीवाल्यासमोर बॉक्स उघडा आणि उघडताना मोबाईलवर सलग व्हिडिओ काढा, फुटलेल्या पडद्याला वॉरंटी नसते आणि रस्त्यात फुटला की तुमच्या हातून फुटला ह्याचा वाद नंतर मिटत नाही. टीव्ही लागला की त्याच दिवशी यूट्यूबवर पूर्ण पांढरा, लाल, हिरवा, निळा आणि काळा पडदा दाखवणारा व्हिडिओ लावा, पांढऱ्यावर काळा ठिपका आणि काळ्यावर चमकणारा ठिपका शोधा, कोपऱ्यांत जास्त उजेड फुटतोय का ते रात्री लाईट बंद करून बघा. काही सापडलं तर फोटो काढून लगेच कळवा, बदलून द्यायची मुदत बहुतेक ठिकाणी थोड्याच दिवसांची असते. सगळं ठीक असेल तर पिक्चर मोड व्हिविडवरून काढून मूव्ही किंवा स्टँडर्डवर टाका, पहिले दोन दिवस चित्र पिवळसर वाटेल, आईला सांगून ठेवा की टीव्ही बिघडलेला नाही.