हुर्राक आंबली की मुरली?

प्रश्न : एप्रिलमध्ये गोव्यात घेतलेली हुर्राकाची बाटली अर्धी राहिली होती. ऑगस्टमध्ये उघडली तर आंबूस वास आला. फेणी तर वर्षानुवर्षं टिकते म्हणतात ना?

उत्तर : फेणी टिकते, हुर्राक नाही. काजूच्या बोंडांचा आंबवलेला रस भाटीत (दारू गाळायच्या भांड्यात) एकदा उतरवला, म्हणजे उकळून त्याची वाफ थंड केली, की हुर्राक होते. मद्यार्क साधारण 15 टक्के. तीच पुन्हा उतरवली की 42 टक्क्यांच्या आसपासची फेणी. एवढ्या कडक दारूत जंतूंचं काही चालत नाही. हुर्राकात मात्र, त्यातही अर्ध्या रिकाम्या बाटलीत, हवा लागून व्हिनेगरचा अंश तयार होतो. ती मुरलेली नाही, बिघडलेली आहे. ओतून द्या. पुढच्या वेळी काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि महिना-दोन महिन्यांत संपवा. (परवान्याशिवाय ती महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, तेव्हा खरं तर तिथेच प्यावी.)

प्यायची कशी? ग्लासभर बर्फ, 60 मिली हुर्राक, अर्धं लिंबू, चिमूटभर मीठ, वर 150 मिली लिंबाचं गोड सॉफ्ट ड्रिंक. हिरवी मिरची उभी चिरून, बिया झटकून टाका. ठेचलीत तर चार घोटांत काजूचा वास हरवून नुसता जाळ उरतो. पाच मिनिटांनी ती काढायला विसरू नका.

याच मापाने फेणी मात्र ओतू नका. 60 मिली हुर्राकात 9 मिली मद्यार्क असतो, तर 30 मिली फेणीतच साडेबारा.